आठवणीतील डोंगर

प्रवास करून घरी परतलेल्या माणसाला आप्तेष्ट प्रथम विचारतात ते हे, की काय काय पाहिलेत? तो देवळांची नावे सांगतो, घाटाची वळणे सांगतो, चहा कोठे बरा मिळाला आणि गाडी कोठे अडली हेही सांगतो. पण महिना दोन महिने लोटले की या गोष्टी एकेक करून गळून पडतात आणि मनात राहते ते निराळेच असते. एखाद्या वळणावर क्षणभर उघडलेली दरी, पावसाने नुकताच धुतलेला डोंगराचा खांदा, त्याच्या पायथ्याशी चार कौलारू घरे आणि त्यांतील एका घरावरून सरळ वर चढणारा धूर. हे दृश्य कोणी मुद्दाम जपलेले नसते. ते आपोआप मागे उरलेले असते. ज्याच्या हाती कुंचला आहे त्याला वाटते, हे कागदावर उतरवावे. आणि तेथूनच त्याच्या अडचणींना आरंभ होतो.

शाळेत ज्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील त्यांना ‘स्मरणचित्र’ हा विषय आठवत असेल. समोर वस्तू नसते, माणूस नसतो. विषय तेवढा दिलेला असतो आणि मुलाने तो आठवून काढावयाचा असतो. या विषयात मुले बहुधा एकच डोंगर काढतात. दोन त्रिकोण शेजारी शेजारी, त्यांच्या मधून उगवणारा अर्धा सूर्य, त्याच सांध्यातून खाली वाहत येणारी नदी, एका बाजूस झोपडी, दुसऱ्या बाजूस माड आणि आकाशात चार आकड्याचे पक्षी. कोकणातला मुलगा हाच डोंगर काढतो, विदर्भातला हाच काढतो आणि समुद्राखेरीज काही न पाहिलेला मुलगाही हाच काढतो. हा डोंगर कोणीही पाहिलेला नाही. तो आठवणीतला नव्हे, तर सवयीतला डोंगर आहे. स्मरणावरून चित्र काढणाऱ्याचा खरा झगडा या सवयीतल्या डोंगराशी असतो.

पार्से गावातील माणसाच्या बाबतीत हा झगडा विशेष स्पष्ट दिसतो. पार्से हा पेडणे तालुक्यातील गाव. या तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस अरबी समुद्र. भगवतीचे देऊळ, भातशेती, माडांच्या बागा आणि त्यांच्या मागे काजूंनी भरलेल्या टेकड्या, असे या भागाचे रूप आहे. या टेकड्यांना शिखर नसते. जांभ्या दगडाचा कठीण थर माथ्यावर पसरलेला असल्यामुळे त्यांचा माथा पाटासारखा सपाट असतो आणि कडा एकदम उतरतात. त्या सपाट माथ्याला येथे सडा म्हणतात. उन्हाळ्यात हा सडा करपलेला, तांबूस काळा दिसतो; पावसाळा सुरू झाला की त्याच दगडावर हिरवी साय धरते आणि श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे या नावाच्या जांभळ्या निळ्या फुलांचे थवे उमलतात. म्हणजे पार्सेकराच्या रोजच्या पाहण्यातला डोंगर आडवा आहे, त्रिकोणी नाही. पण त्याच गावातील मुलाला डोंगर काढावयास सांगितले, की तोही दोन त्रिकोणच काढतो. डोळ्यांनी रोज पाहिलेले हाताला ठाऊक नसते, ते असे.

पार्सेहून सह्याद्रीकडे जाणारा माणूस पत्रादेवीची हद्द ओलांडून बांद्यास पोचतो, तेथून सावंतवाडीचा मोती तलाव मागे टाकतो आणि दाणोलीपासून आंबोलीचा घाट चढू लागतो. सुमारे ६९० मीटर उंचीवर आंबोली आहे आणि तेथे वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही अधिक, पाऊस पडतो. गोव्याच्या किनाऱ्यावर पडतो त्याच्या दुपटीहून हा पाऊस अधिक. डिचोलीकडून जाणाऱ्याला साखळी, केरी असे करीत चोर्ला घाटाने वर जाता येते. दोन्ही वाटांनी चढताना एक गोष्ट घडते. जी निळी रेघ घरच्या अंगणातून पूर्वेस दिसत होती, ती जवळ येता येता निळी राहतच नाही. प्रथम ती करडी होते, मग हिरवी, आणि शेवटी काळ्या ओल्या कातळाची, शेवाळाची, लाल मातीच्या दरडींची होते. वर पोचून मागे वळून पाहावे, तर आता घरचा मुलूखच निळा झालेला असतो.

डोंगर लांबून निळा का दिसतो, याचे कारण शास्त्राने सांगितले आहे. हवेतील सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि लहान लांबीच्या लहरी ते अधिक विखुरतात. लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात जो नियम मांडला त्याप्रमाणे निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरला जातो. पाहणारा आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी हवा अधिक, तितका हा विखुरलेला निळा प्रकाश डोंगराच्या अंगावर अधिक पसरतो आणि त्याचा स्वतःचा रंग झाकला जातो. हे गणित मांडले जाण्यापूर्वी सुमारे चारशे वर्षे लिओनार्दो दा व्हिंची याने आपल्या टिपणांत चित्रकारांना सांगून ठेवले होते, की दूरचे डोंगर निळे आणि फिके काढावेत आणि अंतर वाढेल तसा निळेपणा वाढवावा.

परंतु चित्रकाराने एवढा नियम पाठ करून भागत नाही. माघ-फाल्गुनात धूसर हवेमुळे जो डोंगर तीन कोसांवर असल्यासारखा भासतो, तोच आषाढातील एखादी सर ओसरल्यावर हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. त्याच्यावरील झाडे मोजता येतात, ओहोळांचे पांढरे धागे दिसतात. आठवणीत मात्र ऋतू मिसळून जातात. चित्र काढणारा वैशाखातील आकाश घेतो, श्रावणातील हिरवळ घेतो, मार्गशीर्षातील धुके घेतो आणि या तिघांना एका कागदावर बसवतो. पाहणाऱ्याला चित्रात कोठेतरी खोट आहे एवढे जाणवते. कोठे आहे ते सांगता येत नाही. स्मरणचित्रातील असत्य बहुधा आकारात नसते, ते हवेत असते.

मग आठवणीवर विसंबावेच कशाला? प्रत्यक्ष जागेवर बसून चित्र काढावे, असे कोणी म्हणेल. जागेवर बसून काढण्याचे मोल मोठेच आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे उदाहरण मराठी माणसाला परिचित आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास परतले आणि पुढील आयुष्य त्यांनी त्याच परिसराचा प्रकाश न्याहाळण्यात घालवले. कोटितीर्थाचा काठ, रंकाळा, पंचगंगेचा घाट ही त्यांची ठिकाणे. १९३१ साली ते वारले. एकच पाणी, एकच झाड पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याला जे दिसते, ते धावत्या प्रवाशाला दिसणे नाही. पण प्रवासी तरी काय करणार? गाडी वळणावर थांबत नाही. सोबतच्या मंडळींना पुढच्या मुक्कामाची घाई असते. पाऊस कोसळत असला तर कागद उघडताच येत नाही. प्रवाशाच्या वाट्याला आठवणच येते आणि म्हणून आठवणीलाच वळण लावणे त्याला भाग पडते.

ते वळण लावता येते, हे फ्रान्समधील होरास लकॉक द ब्वाबोद्रां या शिक्षकाने दाखवून दिले. चित्रकाराच्या स्मरणशक्तीच्या शिक्षणावर त्याने १८४८ साली पुस्तिका प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याने प्रथम अगदी साधी वस्तू निरखावी, ती दूर न्यावी आणि मग आठवून काढावी. पुढे कठीण वस्तू, चित्रे आणि अखेरीस मोकळ्या हवेतील हालती माणसे, असा त्याचा क्रम होता. प्रसिद्ध शिल्पकार रोदँ त्याच्याच हाताखाली शिकला. या पद्धतीचे मर्म एवढेच, की पाहताना पुढे आठवावयाचे आहे हे जाणून पाहावे. जो केवळ आनंदाने पाहतो त्याच्यापाशी आनंद राहतो. जो मोजून पाहतो त्याच्यापाशी डोंगर राहतो.

इंग्लंडचा टर्नर हा तर प्रवासी चित्रकारांचा मुकुटमणी. त्याने मागे ठेवलेल्या टाचणवह्या तीनशेच्या घरात आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तो पेन्सिलीने भराभर रेघा ओढी, क्वचित रंगाचा हात मारी आणि घरी गेल्यावर त्यांतून मोठी जलरंगचित्रे उभी करी. १८४२ सालची रिगी पर्वताची त्याची चित्रे या रीतीने तयार झाली. जपानच्या हिरोशिगेने तोकाइदो मार्गाची जी चित्रमाला केली तीत ५३ मुक्काम आणि मार्गाची दोन टोके मिळून ५५ चित्रे आहेत. तो मार्ग त्याने १८३२ साली पायाखाली घातला असे परंपरा सांगते. त्या चित्रांत डोंगर आहेत, पाऊस आहे, बर्फ आहे. पण बहुतेक ठिकाणी वाटेवर कोणीतरी ओझे घेऊन चाललेलेही आहे. प्रवास करणाऱ्यानेच काढलेला डोंगर तो हा.

याहून जुने आणि अधिक खोल बोल चीनमधील ग्वो शी या अकराव्या शतकातील चित्रकाराचे आहेत. त्याच्या मुलाने ते लिहून ठेवले. डोंगराचे अंतर तीन प्रकारांनी दाखवता येते, असे तो सांगतो. पायथ्याशी उभे राहून माथ्याकडे पाहावे ते उंच अंतर. पुढच्या डोंगराआडून मागच्या डोंगरांत डोकावावे ते खोल अंतर. आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या रांगांकडे पाहावे ते सपाट अंतर. दाणोलीहून आंबोली चढणाऱ्या प्रवाशाला ही तिन्ही अंतरे एकामागून एक भेटतात. पायथ्याशी उंच, मधल्या वळणांवर खोल आणि माथ्यावर सपाट. घरी येऊन चित्र काढताना मात्र तो तिन्ही एकाच चौकटीत कोंबू पाहतो आणि म्हणून त्याचा डोंगर कोठूनच पाहिलेला वाटत नाही. आपण कोठे उभे होतो, हा प्रश्न चित्रकाराने पहिली रेघ ओढण्याच्या आधी स्वतःस विचारावयास हवा. ग्वो शीने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ज्यांना डोंगरात राहण्याची ओढ आहे, पण घरची आणि दरबारची कर्तव्ये ज्यांना सोडीत नाहीत, त्यांच्यासाठी डोंगराचे चित्र असते. घर न सोडता त्यांना त्या वाटेने हिंडता आले पाहिजे. डोंगरचित्राची कसोटी म्हणून हे आजही पुरे आहे: त्यात पाऊल टाकता येते की नाही?

सावंतवाडी ही पेडण्याच्या शेजारची. त्याच सावंतवाडीत १८८२ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म झाला. जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र सर्वतोमुखी आहे. ते तैलचित्र असावे असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते जलरंगात आहे. जलरंगात चूक पुसता येत नाही. पांढरा रंग कागदाचाच. तो जेथे हवा तेथे कागद कोरा राखावा लागतो. म्हणजे प्रकाश कोठे पडणार हे चित्र सुरू होण्याच्या आधी ठरलेले असावे लागते. गोमंतकाचे आंतोनियु शाविएर त्रिंदाद यांचा जन्म १८७० सालचा. जे. जे. कलाशाळेत ते अध्यापक होते. व्यक्तिचित्रांसाठी त्यांची ख्याती, पण त्यांनी निसर्गचित्रेही काढली. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे आणि हौशी चित्रकाराने तेथे एक सकाळ काढावी असा तो आहे. गोव्यातच जन्मलेले दीनानाथ दलाल आपल्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांतून मराठी घराघरांत पोचले. मडगावचे लक्ष्मण पै पॅरिसमध्ये दहा वर्षे राहिले आणि परतल्यावर पणजीच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले; परदेशी राहूनही गोव्यातील माणसे आणि झाडे त्यांच्या रेषेतून गेली नाहीत.

गोव्याच्या मातीला चित्रकलेत स्वतःचे स्थान आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. येथील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी नावाची चित्रे आढळतात. भिंतीवर लाल मातीच्या, म्हणजे कावेच्या, रंगाचा थर आणि पांढरा चुना यांची सांगड घालून, वरचा ओला थर टोकदार हत्याराने खरवडून ती काढलेली असतात. तांबडा आणि पांढरा, एवढ्या दोनच रंगांत फुले, वेली, देवदेवता सर्व उभे राहते. जलरंगाच्या पेटीत शेकडो रंग विकत मिळण्याच्या काळात ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. पेडण्याचा डोंगर काढावयास पेटीतील चार रंग पुरतात: भाजक्या मातीचा तांबडा, एक पिवळी माती, एक गडद निळा आणि थोडा जांभळट तांबडा. निळा व तांबडी माती मिसळली की ओल्या कातळाचा करडा मिळतो. निळा व पिवळी माती मिसळली की काजूच्या पानाचा उदास हिरवा मिळतो. बाटलीतील तयार हिरवा जसाच्या तसा वापरला, तर डोंगर आगगाडीच्या निशाणासारखा दिसू लागतो.

आता या सर्व विवेचनाला एखाद्या माणसाचा आधार द्यावा हे बरे. पार्से गावातील एखाद्या निवृत्त शाळामास्तराची कल्पना करावी. वय साठीच्या पुढे, हात बरा, जलरंगाचा नाद जुना. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत तो म्हापसा, अस्नोडा असे करीत डिचोली तालुक्यात मामाच्या गावी जाई. त्या घराच्या मागे एक डोंगर होता. आज तो नाही. डिचोलीच्या पट्ट्यातील डोंगरांत लोहखनिज आहे. पोर्तुगीज अमदानीतच, १९५० च्या सुमारास, तेथील खाणींना वेग आला आणि मुक्तीनंतर तो वाढतच गेला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, २०१८ साली ८८ पट्टे रद्द झाले, पुढे लिलाव होऊन काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. पण तोवर जे डोंगर गेले ते गेले. जेथे माथा होता तेथे आता खड्डा आहे आणि खड्ड्यात पावसाचे हिरवे पाणी.

मास्तराने तो डोंगर आठवून काढावयास घेतला. दोन संध्याकाळी खपून त्याने चित्र पुरे केले. निळी शिखरे, पायथ्याशी झोपड्या, मधून नदी, वर सोनेरी आभाळ. शेजाऱ्यांनी वाखाणले. मामी अजून हयात. थकलेली, पण नजर शाबूत. तिच्यापुढे त्याने ते धरले. तिने पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हटले, “चित्र सुरेख आहे रे बाबा, पण हा डोंगर कोणाचा?”

“आपलाच की मामी. घरामागचा.”

“आपल्या डोंगराला असले टोक कधी होते? वर सडा होता. गुरे चरायला सोडून आम्ही मुली तेथे खेळायचो. आणि झर कुठे आहे? कुळागराला पाणी कुठून येत होते मग?”

मास्तराला उत्तर देता आले नाही. त्याने सवयीतला डोंगर काढला होता. आठवण होती ती मामीपाशी.

त्या दिवसानंतर त्याने काम निराळ्या रीतीने आरंभिले. रंगाची पेटी मिटून ठेवली आणि वही घेतली. घराच्या मागच्या दारापासून डोंगराच्या माथ्यापर्यंतची वाट त्याने मनात चालून पाहिली आणि जे जे आठवले ते क्रमाने लिहिले. मागचे दार, गोठा, फणस, दगडी गडगा, पोफळींची रांग, झरीचे दगड, तेथून उजवीकडे वळणारी पायवाट, घसरडी लाल माती, करवंदीची जाळी, आणि मग एकाएकी उघडा सडा. जेथे आठवण तुटली तेथे त्याने जागा कोरी सोडली. कल्पनेने भरली नाही. ती वही घेऊन तो मामीकडे गेला. गडग्याची उंची तिने हाताने दाखवली. घरापासून झरीपर्यंत घागर घेऊन जाताना वाटेत किती वेळा टेकावे लागे हे तिने सांगितले आणि त्यावरून अंतर निघाले. सकाळी अंगणात ऊन उशिरा येई, असे ती म्हणाली. म्हणजे डोंगर पूर्वेस होता आणि घर त्याच्या सावलीत होते. प्रवाशाच्या आठवणीत डोंगर म्हणजे दृश्य होते. तेथे राहणाऱ्या बाईच्या आठवणीत डोंगर म्हणजे पाणी, सरपण, चारा आणि सकाळची सावली होती. गावाकडील डोंगराचे चित्र काढणाऱ्याने हा भेद विसरू नये. झोपडी सुंदर दिसते ती वाटसरूला. तिच्यात राहणाऱ्याला ती गळते की नाही हे ठाऊक असते. चित्रात माणूस काढावयाचा तर शोभेसाठी काढू नये. तो तेथे काय करीत होता हे ठाऊक असेल तरच काढावा.

दुसरे चित्र उभे राहण्यास सहा आठवडे लागले. त्यातील बराच वेळ पावसाने खाल्ला. गोव्याच्या पावसाळ्यात जलरंग काढणाऱ्याची परीक्षा असते. हवेत ओल इतकी, की पहिला हात वाळण्यास अर्धा दिवस लागतो आणि घाईने दुसरा दिला तर दोन्ही गढूळ होतात. कागदाला बुरशी धरते. पण त्या ओलीचा एक उपयोगही आहे. ओल्या कागदावर सोडलेला करडा रंग आपोआप पसरून जे धुके निर्माण करतो, ते कोरड्या देशातील चित्रकाराला सायासाने साधावे लागते. मास्तराने आकाश लहान ठेवले, कारण घर डोंगराला लागून होते आणि तेथून आकाश लहानच दिसे. सड्याची आडवी रेघ कागदाच्या वरच्या भागात ओढली. सकाळची सावली घरावर टाकली. सोनेरी काहीच नव्हते.

हे दुसरे चित्र शेजाऱ्यांना तितकेसे आवडले नाही. मामीने मात्र ते मांडीवर घेतले, झरीच्या जागी बोट टेकवले आणि तेथून पायवाटेने ते बोट हळूहळू वर सड्यापर्यंत नेले. ग्वो शीची कसोटी तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चित्र त्या कसोटीस उतरले.

असे चित्र पुरावा ठरते काय? कायद्याच्या अर्थाने नव्हे. भूमापनाचा नकाशा वेगळा आणि आठवणीतील चित्र वेगळे. डोंगराची उंची त्यावरून सिद्ध करता येणार नाही. तरीही अशा चित्रांना साक्षीचे मोल येते, याचे उदाहरण गोव्यातच आहे. आंतोनियु लोपिश मेंदिश हा पोर्तुगीज गृहस्थ १८६२ साली गोव्यात आला आणि काही वर्षे येथे राहिला. हिंडताना पाहिलेली स्थळे, इमारती, माणसे त्याने रेखाटली आणि ‘अ इंडिया पोर्तुगेझा’ या नावाने १८८६ साली लिस्बनमध्ये दोन खंडांत ती प्रसिद्ध झाली. तो थोर कलावंत होता असे कोणी म्हणत नाही. पण जे बदलून गेले ते पूर्वी कसे होते हे शोधणाऱ्याला आज त्याच्या रेखाटनांकडे वळावे लागते. त्याने पाहिले तसे काढले, एवढ्याच गुणावर ती टिकली.

पेडणे तालुक्यातही डोंगरांची रूपे झपाट्याने पालटत आहेत. मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २०२३ च्या जानेवारीत विमाने ये-जा करू लागली. नवे रस्ते टेकड्या कापून गेले. यात लाभ किती आणि हानी किती, याचा निवाडा चित्रकाराने करावयाचा नाही; त्याविषयी गावोगाव पुष्कळ बोलले गेले आहे आणि बोलले जाईल. चित्रकाराचे काम त्याहून लहान आहे आणि त्याहून निकडीचे आहे. जो सडा आज आहे तो आज पाहून ठेवावा. कोठे उभे राहून पाहिला, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, ऊन कोणत्या अंगाने होते, माथ्याची रेघ कोठे तुटत होती, पाणी कोठून उतरत होते, वाट कोणाच्या दारातून जात होती, एवढे वहीच्या पानावर लिहून ठेवण्यास दहा मिनिटे पुरतात. रंग मागाहून भरता येतात. डोंगर मागाहून आणता येत नाही.

आणि ज्यांचा डोंगर आधीच गेला आहे त्यांनी, तो ज्यांनी पाहिला आहे अशी माणसे घरात आहेत तोवर, वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. पार्सेच्या त्या मास्तराने दुसऱ्या चित्राच्या पाठीवर गावाचे नाव, मामीचे नाव आणि वर्ष लिहिले. वहीत जेथे आठवण तुटली होती, ती एक जागा चित्रातही कोरीच राहिली आहे: झरीच्या डाव्या अंगाला, पानाएवढा कागद. तेथे काय होते हे मामीलाही आठवले नाही. पाहणाऱ्याला ते धुके वाटते. मास्तर कोणाला दुरुस्त करीत नाही.